टांगत्या खांबाचा दगड

माझ्या खोलीच्या मागच्या कोपऱ्यात निंबाचं एक वाळलेलं खोड होतं. खोली बांधणाऱ्याने ते तोडायचे कष्ट वाचवले होते, दोन्ही भिंती खोडाला आणून टेकवल्या होत्या आणि छपराचा वासा त्याच्यावरच ठेवला होता. माझ्या डोक्याच्या हातभर वर त्या खोडातून लोखंडाची एक जाड कडी बाहेर आली होती. निम्मी लाकडाने गिळलेली, निम्मी उघडी. तिच्याभोवतीचं लाकूड तांबूस झालं होतं, तो मी गंज समजत होतो. त्या कडीला मी माझी पिशवी अडकवायचो. पिशवीत दोन सदरे, पलटणीतून काढल्याचा कागद आणि आईने दिलेली तांब्याची लोटी. सहा-सात वर्षं तिथं पिशवी अडकवली, पण ही कडी झाडात कुठून आली, हे एकदाही कुणाला विचारलं नाही. विचारलं तर कुणाच्या तरी लक्षात येईल की मी इथं राहतो, अशी भीती.

ही खोली ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, जयेंद्रगंजाच्या मागच्या अंगाला, एका मल्लखांबाच्या तालमीच्या आवारात होती. मी मूळचा तिथला नव्हे. साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरात आमचं गाव. तिसरीत शाळा सुटली. शाळा नदीच्या पलीकडं होती आणि वडील गेल्यावर पलीकडं पोचवायला कुणी उरलं नाही. पुढं मोठा झाल्यावर मामाच्या ओळखीने ग्वाल्हेर दरबारच्या पलटणीत लागलो. गावात आईने दारोदार सांगितलं, लेक पलटणीत आहे. मग दरबारच राहिला नाही. संस्थानं मिळून मध्यभारत झालं, पलटण मोठ्या फौजेत मिळवायचं ठरलं, आणि मिळवायच्या आधी माणसं निवडून घेतली. मेजापलीकडच्या साहेबाने पुस्तक पुढं केलं, वाच म्हणाला. मी बोट ठेवून वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीवर त्याने पुस्तक काढून घेतलं.

घरी कुठल्या तोंडाने जायचं? तीन दिवस महाराज बाड्यावर, लश्करच्या मोठ्या चौकात, बसून काढले. तिसऱ्या दिवशी एका टांगेवाल्याला मी धर्मशाळेची वाट विचारत होतो. हिंदी धड येत नव्हती म्हणून निम्मं मराठीत. बाजूने जाणारा एक दणकट, पांढऱ्या मिशांचा माणूस थबकला.

"कुठला रे तू?"

"साताऱ्याकडचा."

"दक्षिणेतला? खुद्द दक्षिणेतला?"

कुणाला घरचं पत्र आलं की चेहरा होतो तसा त्यांचा झाला. ते तालमीचे वस्ताद. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले होते, पण ते स्वतः उज्जैनच्या खाली कधी गेले नव्हते. मला चालता चालता विचारत होते, कृष्णेचं पाणी कसं दिसतं, तिकडं भाकरी खरोखर रोज खातात का. पलटणीत होतो एवढं सांगितलं, बाकी काय सांगितलं आठवत नाही. भुकेने कानात आवाज येत होता.

"चल," ते म्हणाले. "तालमीत एक खोली आहे. खांबाला तेल लावायचं, माती चाळायची, झाडलोट करायची. जेवण आमच्याकडं. आणि तुझं नाव आजपासून पलटण."

असं माझं ठरलं. एका वाक्यात. मी त्यांच्या पायाला हात लावला तो मनापासून. पण त्याच दिवसापासून एक किडाही मनात शिरला. जे एका शब्दावर मिळतं ते एका शब्दावर जातं. दरबारचं सगळं असं शब्दावरचंच होतं, आणि ते कसं गेलं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तालमीत पुरलेला खांब होता, वेताचा होता आणि तालमीचा मान असलेला टांगता खांब होता. टांगता म्हणजे साखळीने वरून लोंबणारा, जमिनीला न टेकणारा आखूड मल्लखांब. पकडायला जावं तर तो गरकन फिरतो. तिन्हींची देखभाल माझ्याकडं. लाकडाच्या खांबांना रोज एरंडेल चोळायचं. ते तेल एकदा बोटांच्या रेषांत बसलं की साबणाला दाद देत नाही. वस्तादांच्या घरच्या काकी मला दुरून पोळी वाढायच्या आणि म्हणायच्या, "तू ताटाला हात लावू नको रे बाबा. तुझ्या हातची पोळी खाऊन सगळं घर सकाळी रांगेत उभं राहील." सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि रात्री विचार करायचो, ह्यांना माझी किळस तर येत नसेल?

दर नागपंचमीला वस्ताद मुलांना टांगत्या खांबाची गोष्ट सांगायचे. लश्कर हे गाव होण्याआधी इथं फौजेचा तळ होता. शिपायांना रोज मल्लखांब लागायचा. पण खांब पुरावा तर दोन हातांवर खडक; आणि पुरलाच, तर तळ हलताना उपटायचा कुणी? म्हणून कुणा शिपायाने तोफ ओढायच्या साखळीला खांब बांधला आणि निंबाच्या फांदीला टांगला. "तोच पहिला टांगता मल्लखांब. ते झाड इथंच कुठंतरी होतं," असं म्हणून वस्ताद हात हवेत फिरवायचे. तो हात एका जागी कधी थांबत नसे. मला वाटायचं, बनवून सांगतात. सांगू देत, आपलं काय जातं.

पुढं बातमी आली की मध्यभारतही राहणार नाही. नवं मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळ, कचेऱ्या तिकडं जाणार. त्या उन्हाळ्यात लश्करात प्रत्येक जण दुसऱ्याकडं तिरप्या नजरेने बघत होता. कुणाची बदली कुणी लावली, कुणाचं दप्तर कुणी दाबलं, पानाच्या दुकानावर हेच. अशात तालमीला नोटीस आली: ही जागा कोणत्या कागदावर तुमच्या ताब्यात आहे? कागद नव्हताच. कधीकाळी दरबारातून कुणी हात उचलून 'खेळा तिथं' म्हणालं होतं, एवढाच आधार.

तालमीत रोज संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसत. दरबारच्या दप्तरखान्यात त्यांची हयात गेली होती, म्हणून सगळे त्यांना दप्तरकाका म्हणत. त्यांनी तोड काढली.

"वस्ताद, कागद नाही तर दगड करा. टांगत्या मल्लखांबाचा जन्म इथं झाला, असा सरकारी दगड एकदा बसला की तालीम हलवायला कुणाची छाती नाही. पण दिवाळीच्या आत. दिवाळीनंतर फायली भोपाळच्या गाडीत बसल्या की मग वाट बघा."

"नागपंचमीलाच बसवू," वस्ताद म्हणाले.

मी खांबाला तेल लावत ऐकत होतो. चांगलं वाटलं. तालीम राहिली तर मी राहीन. हे समाधान चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी वस्तादांनी सहज विचारावं तसं विचारलं, "पलटण, तुझ्या खोलीचं छप्पर गळतं का रे?"

"नाही वस्ताद. अजिबात नाही." पावसाळ्यात मी दोन जागी घमेली ठेवायचो.

"भिंती?"

"भिंती तर किल्ल्यासारख्या."

ते नुसतं "बरं" म्हणाले. सहा-सात वर्षांत न विचारलेली गोष्ट माणूस आज का विचारतो?

दुसऱ्या दिवशी बांधकाम खात्याचा ओवरसियर येणार होता. सकाळीच वस्तादांनी मला बाड्यावर राळ आणायला पिटाळलं. राळ म्हणजे हात घसरू नये म्हणून खेळाडू लावतात ती भुकटी. बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. आदल्या आठवड्यात मीच भरली होती. मी गेलो, पण अर्ध्या वाटेतून पळत परतलो आणि भिंतीआडून पाहिलं. ओवरसियर फीत धरून उभा होता. फितीचं दुसरं टोक दप्तरकाकांच्या हातात, आणि दप्तरकाका माझ्या दाराशी.

ओवरसियर म्हणत होता, "चबूतरा बनेगा, उस्ताद. चारों तरफ़ जगह खुली चाहिए. बीच में कोठरी-वोठरी नहीं चलेगी."

वस्तादांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. लू सुटली होती, त्या गरम वाऱ्याने शब्द नेले. मी पुन्हा बाड्यावर गेलो, नको असलेली राळ घेऊन आलो. आलो तेव्हा आखाड्याच्या कडेपासून माझ्या उंबऱ्याच्या चार पावलं अलीकडंपर्यंत जमिनीवर चुन्याची पांढरी रेघ ओढलेली होती. ती रेघ कसली, हे कुणी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या दिवशी काकींनी मला तूप जास्त वाढलं. वर म्हणाल्या, "खाऊन घे नीट. किती वाळून राहिला आहेस!" आमच्या गावी जत्रेआधी बोकडाला असंच खाऊ घालतात.

दोन दिवसांनी मी विहिरीवरून परत येतो तर दप्तरकाका माझ्या खोलीत. एकटे. माझी पिशवी खाली ठेवलेली आणि ते टाचा उंचावून कडीभोवतीच्या लाकडावर बोट घासत होते. मला पाहून दचकले.

"काही नाही, काही नाही. जरा बघून राहिलो होतो," म्हणाले, आणि पिशवी उलटी अडकवून निघून गेले. लोटी घरंगळत खाटेखाली गेली.

लोटी काढायला वाकलो, वर पाहिलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. निंबाचं खोड. फांदीवरून आलेल्या साखळीचं टोक अडकवायची कडी. वस्तादांचा हवेत फिरणारा हात. गोष्ट बनावट नव्हतीच. ते झाड माझ्या खोलीच्या कोपऱ्यात उभं होतं, आणि जिथं टांगता मल्लखांब पहिल्यांदा लोंबला तिथं मी माझे सदरे लोंबकळवत होतो. म्हणजे दगड इथंच बसणार. चौथरा इथंच. आणि चारों तरफ़ जगह खुली.

दुसरा कुणी असता तर सरळ जाऊन विचारता, वस्ताद, मी कुठं जाऊ? मला ते जमलं नाही. विचारलं की होकार येईल, आणि होकार आला की संपलं. त्यापेक्षा दगडच न बसला तर? तालीम जाईल हे त्या क्षणी सुचलंच नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण तालीम जाईल ती उद्या-परवा, खोली जाणार ती आज.

बाड्यावर पोस्टासमोर अर्ज लिहून देणारे बसत, पण त्यांची तोंडं मोठी. म्हणून दुपारी वस्ताद झोपले असताना, तेल लावायचं अर्धं टाकून, मी आखाड्याच्या कट्ट्यावर बसून स्वतःच लिहिलं. तिसरीच्या अक्षरात, एकेक अक्षर कोरून. 'या तालमीत कधीही झाड नव्हतं. टांगत्या मल्लखांबाची गोष्ट जागा लाटण्यासाठी रचली आहे. चौकशी व्हावी. एक हितचिंतक.' घडी घातली, ओवरसियरच्या कचेरीचा पत्ता घातला आणि पेटीत टाकलं. पेटीचं झाकण खट् वाजलं तेव्हा हात आत घालून कागद परत काढावा असं वाटलं. हात आत जात नव्हता.

त्या संध्याकाळी मी काकींना म्हटलं, भूक नाही. त्या म्हणाल्या, "नखरे नको," आणि ताट पुढं सरकवलं. मी जेवलो.

आठवड्याभराने ओवरसियर आला तो ऐन तालमीच्या वेळेला. वस्ताद मुलांकडून अढी घोटून घेत होते, म्हणजे पायांनी खांबाला विळखा घालून उलटं लटकायचा पहिला धडा. दप्तरकाका कट्ट्यावर. मी माती चाळत होतो. ओवरसियरने फाईल उघडली आणि अर्ज मोठ्याने वाचला. शेवटचं 'एक हितचिंतक' त्याने दोनदा वाचलं. मग कागद उजेडाकडं धरला. माझ्या बोटांचे ठसे काचेसारखे आरपार दिसत होते. त्याने कागद नाकाशी नेला.

"उस्ताद," तो म्हणाला, "लोग दरख़्वास्त लिखते हैं, आपके यहाँ तो तलते हैं. पूरा दफ़्तर दो दिन से अरंडी के तेल से महक रहा है."

मुलं फिदीफिदी हसली. मी माती चाळत राहिलो. तालमीत एरंडेल सगळ्यांच्या अंगाला लागायचं, पण बोटांच्या रेषारेषांत मुरलेलं एकाच्याच. वस्तादांनी कागद हातात घेतला, पाहिला, परत दिला. माझ्याकडं पाहिलं नाही. तेच जास्त भयंकर होतं.

"इथं सगळ्यांचेच हात तेलाचे," ते म्हणाले. "माझेही. मीच लिहिलं असेल झोपेत."

"मज़ाक़ छोड़िए. शिकायत आई है तो मुझे सबूत चाहिए. पेड़ था, इसका क्या सबूत?"

"पुरावा आहे की!" दप्तरकाका ताडकन उठले. "वीस पावलांवर आहे. चला, दाखवतो."

"बसा," वस्ताद म्हणाले.

"अहो, बसा काय? पुरावा समोर असून..."

"पुरावा नाही. गोष्ट आहे आमची. झाड त्या आखाड्याच्या कडेला होतं, मी फीत धरून दाखवलं आहे, दगड तिथं बसवा."

दप्तरकाकांचा तोल गेला. ते माझ्यासमोरच, मी तिथं नाहीच असं समजून, ओरडायला लागले. "वस्ताद, ह्या एका माणसापायी किती खोटं बोलाल? पूर्वी दर नागपंचमीला आपण त्या कडीला हळदकुंकू वाहत होतो. हा राहायला आला आणि तुम्ही ते बंद केलंत! म्हणालात, परक्या मुलखातलं पोर आहे, त्याच्या डोक्यावर उभं राहून पूजा केली तर त्याला वाटेल जागा आपली नाही. बरं, ठीक. आता चुन्याची रेघ ओढून सरकारला सांगता की रेघेच्या पलीकडं काही नाही! मला मेल्याला त्या दाराशी फीत धरून उभं केलंत ते कशाला? रेघ कुठवर आणायची ते मोजायला! खोली वाचवायला तालीम घालवणार?"

"तिथं माणूस राहतो," वस्ताद म्हणाले. "झाडाला काय, ते मेलं आहे."

लाकडाचा तो तांबूसपणा गंज नव्हता. कुंकू होतं.

मी चाळणी खाली ठेवली. चालत गेलो, रेघ ओलांडली, खोलीचं दार उघडलं, कडीवरची पिशवी काढून बाहेर अंगणात ठेवली आणि ओवरसियरला म्हटलं, "या साहेब. बघा."

तो माझ्या खाटेवर चढला. खिशातून चाकू काढून कडीभोवतीचं लाकूड खरवडलं, कडी हलवून पाहिली, हलली नाही. मग त्याने वर छपराकडं पाहिलं, वाशावर दोनदा थाप मारली आणि खाली उतरला.

"उस्ताद, आप भी कमाल करते हैं. ये कोठरी तो इसी ठूँठ पर खड़ी है. और ठूँठ इन दीवारों पर. एक गिराओ तो दूसरा गिरेगा." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "चबूतरा रहने दीजिए. पत्थर बाहर की दीवार में लगा देंगे. लड़का यहीं रहे, रखवाली करेगा."

लड़का म्हणजे मी. तीस वर्षांचा होतो.

दप्तरकाका टाळ्या पिटायला लागले. पण ओवरसियरने फाईल बंद केली नाही. म्हणाला, अर्ज दप्तरात नोंदला गेला आहे, तो असताना 'इथं जन्म झाला' असं ठाम मी लिहू शकत नाही. 'कहा जाता है कि' असं लावावं लागेल.

वस्ताद मराठी सोडून हिंदीत कडाडले. "कहा जाता है? कौन कहता है? हम कहते हैं! सात पीढ़ियों से कहते हैं! सारा गाँव समझेगा, अफ़वाह है."

"तो जिसने लिखा है वो आकर अपनी दरख़्वास्त वापस ले ले. लिखकर. एक लाइन का काम है. मैं बैठा हूँ."

आणि तो खरोखर माझ्या खाटेवर बसला. मांडीवर फाईल, हातात पेन. तालमीत सगळे उभे. टांगता खांब कुणीतरी सोडून दिलेला, आपला आपण फिरत होता.

एक ओळ. मला लिहिता येत होतं, आता तर सगळ्यांना माहीत होतं की कुणालातरी लिहिता येतं. खोली वाचली होती. नुकतीच, माझ्या डोळ्यांदेखत वाचली होती. पण कबूल केलं तर ज्या माणसाने माझ्यासाठी देवाची पूजा बंद केली त्याच्यासमोर मी अर्ज करणारा ठरणार, आणि मग ही खोली ते राहू देतील, पण मी राहू शकेन का? मी माझ्या पायांच्या बोटांकडं पाहत राहिलो. खांब फिरायचा थांबला.

"राहू द्या," वस्ताद म्हणाले. एकदम दमल्यासारखे. "कहा जाता है, तर कहा जाता है. लिहा."

नागपंचमीला दगड बसला. ग्वाल्हेरचाच दगड, पाथरवटाने दोन दिवस अंगणात बसून कोरला. दप्तरकाकांना मजकूर मराठीत हवा होता, ओवरसियर म्हणाला नव्या राज्यात हिंदीच चालेल. वरची ओळ 'कहा जाता है कि' ने सुरू होते. पाथरवट ते शब्द कोरत असताना छिन्नीचा आवाज माझ्या भिंतीतून आत येत होता, आणि मी आत बसून होतो. त्या दिवशी वस्तादांनी कित्येक वर्षांनी खोलीत येऊन कडीला हळदकुंकू वाहिलं. आधी दारात उभं राहून मला विचारलं, "येऊ का रे, पलटण?" स्वतःच्या तालमीत.

दिवाळीच्या सुमारास नवं राज्य झालं, फायली गेल्या. जागेचा कागद पुन्हा कुणी मागितला नाही. दगडामुळं, की ती फाईलच वाटेत हरवली म्हणून, देव जाणे.

दगड बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खांबाला तेल लावत असताना वस्ताद मागून आले होते. थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तेल चांगलं लावतोस. पण कागदाला हात लावायच्या आधी राखेने घासत जा." आणि मुलांकडून दंड काढून घ्यायला निघून गेले. आवाजात राग नव्हता. त्यानंतर ते अठरा वर्षं जगले. मी रोज त्यांच्या घरी जेवलो, शेवटच्या आजारपणात त्यांना उचलून बसवलं, त्यांच्या पाठीला तेच एरंडेल चोळलं. ती गोष्ट त्यांनी परत काढली नाही. मीही नाही. मी आयुष्यभर लोकांच्या प्रत्येक चांगुलपणामागं काय आहे हे हुंगत आलो. आता म्हातारपणी एकच संशय उरला आहे, तो मात्र फिटत नाही. ते अठरा वर्षं माझ्या त्या एका ओळीची वाट पाहत असतील का?

आता तालमीत सिटी सेंटरकडच्या कॉलन्यांतली मुलं स्कूटरवर येतात. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरतात. परवा एका मुलीने दगड वाचला आणि मला म्हणाली, "आजोबा, 'कहा जाता है' लिहिलंय, मतलब ये पक्का नहीं है ना?"

इतकी वर्षं मी सगळ्यांना एकच उत्तर देत आलो, सरकारी भाषा असते तशी, बेटा. तेच तोंडाशी आलं होतं.

"पक्कं आहे," मी म्हटलं. "ते तीन शब्द चूक आहेत. ती चूक माझी."

"तुमची? कशी काय?"

मी तिला खोलीत नेलं. कडीवरची पिशवी काढली, तिला खाटेवर चढवलं, आणि तिने कडीला हात लावल्यावर सांगायला सुरुवात केली. सांगून झाल्यावर ती खाटेवरून उतरली. मग म्हणाली, "आजोबा, मग आता लिहून द्या ना. एक लाइन का तो काम है."

म्हणून हे लिहिलं. एका ओळीत बसलं नाही. लिहायला बसायच्या आधी हात राखेने घासले होते.